भुरीची बिऱ्हाडं

भुरीला पाऊस आवडत नाही. बुरशीच्या जातीत जन्मून ही आवड-निवड म्हणजे नवलच. बुरशी म्हटलं की आपल्याला ओल आठवते, पागोळ्या आठवतात, श्रावणात कपाटात राहून गेलेल्या चपला आठवतात. भुरीचं सगळं उलटं. सलग पाऊस लागला की तिचे बीजाणू पानावरून धुऊन जातात आणि पाण्यात पडले तर बरेचसे रुजतच नाहीत. रुजायला लागणारं पाणी ती स्वतःबरोबर घेऊन हिंडते. तिच्या बीजाणूत इतर बुरश्यांच्या मानानं पाण्याचा साठा भरपूर असतो. त्यामुळे पान कोरडं असलं तरी तिचं अडत नाही. दसरा सरतो, रात्री गारठा पडू लागतो, दुपार कोरडी होते आणि मांडवावरच्या दुधीच्या पानावर पहिला पांढरा ठिपका दिसतो. आठवड्याभरात तो पानभर होतो. शेजारचं पान, मग त्याच्या शेजारचं.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. डाऊनी (केवडा रोग) पावसाची आणि भुरी उघडिपीची, अशी त्याच्या चिंतेची वाटणी ठरलेली असते. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला तर पहिलीची भीती, आभाळ निवळलं की दुसरीची. मध्ये श्वास घ्यायला मिळणारे दिवस थोडे.

भुरीला मी बिऱ्हाडकरू म्हणतो, कारण ती घर बांधत नाही आणि होता होईल तो पाडतही नाही. करपा, कूज, मर ही मंडळी पेशी मारतात आणि मेलेल्यावर पोट भरतात. भुरीला मेलेलं पान उपयोगाचं नाही. बीजाणू पानावर टेकला की काही तासांत त्यातून एक बारीक नळी निघते. तिचं टोक चपटं होऊन पानाला घट्ट चिकटतं आणि त्याखालून एक सूक्ष्म खुंटी वरच्या थरातल्या पेशीची भिंत भेदून आत जाते. खरी कमाल पुढे आहे. आत शिरल्यावर ती पेशीचं पटल फाडत नाही. पटलाला हलकेच आत ढकलून त्याच्याच घडीत आपला शोषणारा अवयव वाढवते. पेशी जिवंत राहते, साखर बनवत राहते आणि ती साखर भुरीच्या पोटात जात राहते. बाकीचा तिचा सगळा पसारा पानाच्या बाहेर, उघड्यावर. आपण बोटानं पुसतो ती पांढरी पूड म्हणजे हा पसारा: धागे आणि त्यांवर उभ्या असलेल्या बीजाणूंच्या माळा.

इतकी वर्षं आयत्या अन्नावर राहिल्यावर स्वयंपाक विसरायला होणारच. २०१० साली बार्लीवरच्या भुरीचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा त्यातून काय काय गळून गेलंय हे कळलं. नायट्रेटमधून नत्र घेण्याची जनुकं नाहीत. थायामिन बनवण्याची नाहीत. किण्वनाची नाहीत. बहुतेक बुरश्या प्रयोगशाळेत बशीतल्या अन्नावर वाढतात. भुरीसाठी मात्र जिवंत, हिरवं पान आणून द्यावं लागतं, आणि तेही तिच्या पसंतीचं. भुरीवर संशोधन करणाऱ्याला म्हणूनच अर्धा वेळ माळीकाम करावं लागतं.

आता इतकी परावलंबी बाई, तिची बिऱ्हाडं असून असून किती असणार? जपानच्या कोजी अमानो यांनी जगभरचे तिचे पत्ते गोळा केले. १९८६ साली टोकियोत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जाडजूड ग्रंथात ९,८३८ जातींच्या वनस्पतींची नोंद आहे. त्यांतल्या ९,१७६ द्विदल, ६६२ एकदल, आणि एकदलांतही बहुतांश गवतं. सगळ्याच्या सगळ्या फुलणाऱ्या वनस्पती. नेच्यावर भुरी नाही, शेवाळावर नाही, चीड-देवदारावर नाही. फुलांच्या जगाबाहेर तिनं पाऊल टाकलेलं नाही. आत मात्र ती कुठेही भेटते: काकडी, दोडका, भेंडी, मूग, उडीद, वाटाणा, मेथी, धणे, सूर्यफूल, पपई, बोर, तुती, शिसू, साग. गाजरगवतावरसुद्धा येते, पण त्याला मारत नाही. तसं करणं तिच्या स्वभावातच नाही. गव्हावर येते, भातावर येत नाही. कोकणातल्या भातशेतकऱ्याला हे ऐकून हायसं वाटेल, पण ते बांधापुरतंच. बांधाच्या वर आंबा आहे.

अमानोंच्या यादीबद्दल एक सांगायला हवं. ती उत्तरेकडच्या थंड देशांकडे झुकलेली आहे. भुरीचे वंश तिकडे जास्त आहेत हे खरंच, पण भिंग घेऊन पान उलटून पाहणारी माणसंही तिकडेच जास्त होती. उष्ण प्रदेशातल्या नोंदी पिकांपुरत्या दाट आहेत आणि रानात शिरल्या की विरळ होतात. सह्याद्रीच्या एखाद्या दरीत कुठल्या कुठल्या झाडावर भुरी येते, हे त्या यादीवरून ठरवायला जाऊ नये.

ही एकच बाई आहे की मोठा गोतावळा, यावर माणसांनी दोन-अडीचशे वर्षं वाद घातला. लिनियसनं १७५३ साली सगळ्या पांढऱ्या पुडीला मिळून एकच नाव दिलं आणि तो पुढे गेला. पुढच्या शतकात नावं भराभर वाढली. दर नव्या झाडावर नवी भुरी, असा शिरस्ताच पडला. मग आले अर्नेस्ट सॅल्मन. १९०० साली त्यांनी या कुळाचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला आणि पसारा आवरून ४९ जाती आणि ११ उपप्रकारांवर आणला. रूप हीच त्यांची कसोटी होती. भिंगाखाली सारख्या दिसतात ना, मग एक. त्यामुळे ‘एरिसायफी पॉलिगोनी’ या एकाच नावाखाली शेकडो झाडं आली. आपल्याकडच्या कृषीच्या जुन्या पुस्तकांत मुगाची भुरी, वाटाण्याची भुरी, मेथीची भुरी, सगळ्यांपुढे हेच नाव दिसतं, त्याचं मूळ इथे आहे.

पण दिसतात सारख्या म्हणून वागतात सारख्या असं थोडंच? बेल्जियममध्ये एमिल मार्शाल यांनी १९०२ साली दाखवून दिलं की गव्हावरची भुरी बार्लीवर रुजत नाही आणि बार्लीवरची गव्हावर नाही, मग भिंगाखाली त्या कितीही जुळ्या दिसोत. सॅल्मन स्वतःही हेच प्रयोग करू लागले. आपलंच वर्गीकरण आतून पोखरलं जातंय हे दिसत असताना प्रयोग चालू ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. १९०४ च्या सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट केली आणि माझ्या मते भुरीच्या साऱ्या इतिहासातला तो सर्वांत विचार करायला लावणारा प्रयोग आहे. जी भुरी एखाद्या पानावर कधीच रुजत नाही, ती त्यांनी जखमी पानावर टाकली. पानाचा खालून बारीकसा तुकडा कापला, काही पानांना उष्णता दिली. तिथे ती रुजली. परक्या घरात तिला जागा मिळाली.

म्हणजे दार बंद असतं ते आतून. तिला न आवडणारी झाडं असं आपण म्हणतो, पण निवड फक्त तिची नसते. खुंटी भिंतीला टेकताच निरोगी पेशी त्या नेमक्या जागी आतून एक जाड गाठ उभारते आणि वाट अडवते. बहुतेक झाडं बहुतेक भुरींना रोज असंच परतवत असतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. एखाद्या भुरीनं एखाद्या झाडाची ही अडवणूक चुकवण्याची युक्ती साधली की ते तिचं बिऱ्हाड होतं. पण युक्ती त्या झाडापुरती असते, शेजाऱ्याकडे ती चालत नाही. उलट काही वेळा झाडाचंच एखादं जनुक तिच्या सोयीचं ठरतं. इथिओपियातल्या बार्लीच्या काही गावरान वाणांत असं एक जनुक बिघडलेलं सापडलं आणि त्या वाणांवर भुरीचं काही चालेना. युरोपातले बार्ली पिकवणारे गेली चार दशकं त्या बिघाडाच्या जोरावर निवांत आहेत. भुरीला दाद न देणाऱ्या वाटाण्याच्या काही वाणांतही त्याच जातीचं जनुक बिघडलेलं आहे.

सॅल्मन पुढे इंग्लंडातल्या केंटमधल्या वाय कॉलेजात गेले आणि बिअरसाठी लागणाऱ्या हॉपच्या जाती तयार करण्यात रमले. त्यांच्या ‘ब्रूअर्स गोल्ड’ या जातीनं जगभर नाव कमावलं. भुरीच्या शास्त्रात त्यांनी मान्य केलेल्या ४९ जातींच्या जागी ऊवे ब्राऊन आणि रॉजर कुक यांच्या २०१२ च्या ग्रंथात ८७३ जाती आहेत.

या गोतावळ्यातल्या चोखंदळ बायका बऱ्याच. द्राक्षावरची भुरी द्राक्षकुळ सोडून सहसा कुठे जात नाही. मूळची ती उत्तर अमेरिकेची. तिथल्या रानद्राक्षांशी तिचं जुनं जमलेलं होतं, कुणी कुणाचा जीव घेत नव्हतं. १८४५ साली इंग्लंडात मार्गेट इथे टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या वेलींवर ती प्रथम दिसली. १८४७ साली बर्कली यांनी तिचं बारसं केलं ते या माळ्याच्या नावावरून. युरोपातल्या द्राक्षानं तिला कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे अडवायचं कसं हेच त्याला ठाऊक नव्हतं. १८५४ पर्यंत फ्रान्समधलं वाइनचं उत्पादन काही वर्षांपूर्वीच्या जेमतेम चौथ्या हिश्श्यावर आलं. कोवळ्या मण्याची साल भुरीमुळे वाढायची थांबते, आतला गर वाढतच राहतो आणि मणी तडकून बी बाहेर दिसू लागतं. आपल्या निफाड-दिंडोरीच्या बागांत भुरीनं तडकलेला मणी दिसतो त्यामागचं कारण दीडशे वर्षांपूर्वी बोर्दोतही हेच होतं.

द्राक्षाच्या ओळीच्या टोकाला गुलाब लावायची युरोपात जुनी पद्धत आहे आणि वाइनरी पाहायला जाणाऱ्यांना हौसेनं सांगितलं जातं की भुरी आधी गुलाबावर येते, मग मालक सावध होतो. ऐकायला छान. पण गुलाबावरची भुरी वेगळी, द्राक्षावरची वेगळी. एकीचं दुसरीकडे बिऱ्हाड होत नाही. फार तर हवामान दोघींना सोयीचं झालंय एवढं गुलाबावरून कळेल, आणि तेवढ्यासाठी द्राक्षाचीच पानं पाहिलेली बरी. गुलाब शोभेसाठी लावावेत. घरच्या बागेतही हाच हिशेब लागू आहे: गुलाबावर पांढरं दिसलं म्हणून शेजारची काकडी उपटायचं कारण नाही.

काकडीवरची जी भुरी आहे तिचा जीव मात्र मोठ्या गोतावळ्यात रमतो. भोपळा, दुधी, कारलं, कलिंगड हे सगळं तिचंच, आणि तिच्या नावाखाली इतर कुळांतल्या झाडांच्याही पुष्कळ नोंदी आहेत. सगळ्यांत ऐसपैस पसरलेली म्हणून नाव घ्यायचं तर मिरचीवरचीचं. ‘लेव्हेइल्युला टॉरिका’. मिरची, टोमॅटो, गवार, तूर, एरंड, नाव घ्याल तिथे ती. तिची राहण्याची रीतही घराण्यात वेगळी आहे. इतर जणी पानाच्या बाहेर पसरतात, ही पर्णछिद्रांतून थेट आत शिरते आणि पानाच्या पोटात धागे पसरते. बाहेर येते ती बीजाणू सोडण्यापुरती, तेही बहुधा पानाच्या खालच्या अंगानं. वरून नुसता पिवळा डाग दिसतो. शेतकरी आधी तो अन्नद्रव्याच्या कमतरतेच्या खात्यात टाकतो आणि मग पानगळ सुरू झाली की पान उलटून बघतो. वरवर मारलेली गंधकाची फवारणी हिच्यापर्यंत पोचत नाही ती यामुळेच. पश्चिम आणि मध्य आशियाच्या कोरड्या मुलखात हिची पाळंमुळं असावीत असं मानतात. बाहेरच्या कोरड्या वाऱ्यापेक्षा पानाच्या पोटात राहणं तिथे शहाणपणाचंच. अर्थात ‘एकच बाई, हजार घरं’ हे चित्र अलीकडे विस्कटत चाललंय. इराणसारख्या ठिकाणचे नमुने डीएनएनं तपासले तेव्हा या एका नावाआड कितीतरी वेगळे वंश निघाले, आणि त्यांतले बरेचसे आपापल्या झाडाला धरून राहणारे.

सॅल्मननं एक केलं ते अनेक निघाले, ही झाली गोष्टीची एक बाजू. आंब्याची गोष्ट नेमकी उलटी आहे, आणि तिच्यासाठी कोकणात यायला हवं.

हापूसच्या कलमाला मोहोर फुटतो त्या दिवसांत रात्री गार असतात, पहाटे दव असतं, दुपारी ऊन आणि अधूनमधून मळभ. भुरीला याहून चांगलं हवामान मागून मिळणार नाही. मोहोराच्या देठावर, न उमललेल्या कळ्यांवर, मग कणीवर पांढरी पूड चढते. कळ्या उमलत नाहीत, कणी झडते, आणि एरवी तांबूस-पोपटी दिसणारा मोहोर राखाडी होऊन काळा पडतो. बागायतदाराच्या बोलण्यात तुडतुडा आणि भुरी अशी जोडी असते. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. तुडतुडा रस पितो, त्याच्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि ती भुरीहून अगदी निराळी. पण दोघं येतात त्याच पंधरवड्यांत, फवारणीच्या टाकीत दोघांवरची औषधं एकत्र पडतात आणि उरलेल्या मोहोरावर वर्षाचं गणित बसवायचं असतं. हापूस या भुरीला फार लवकर बळी पडतो. इतकी नाजूक चव असलेल्या जातीकडून कणखरपणाची अपेक्षा करावी का, हा प्रश्न मी फक्त आंबा खाणारा असल्यामुळे सोडून देतो.

या भुरीचा मुंबई इलाख्यात पद्धतशीर अभ्यास झाला. उप्पल, पटेल आणि कामत यांचा आंब्याच्या भुरीवरचा निबंध १९४१ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. नामकरण मात्र आधीच झालं होतं आणि तेही कुठे, तर ब्राझीलमध्ये. आंबा इथून तिकडे गेलेला, आणि १९१४ साली बर्थे यांनी तिथल्या आंब्यावरच्या भुरीला ‘ओइडियम मँगिफेरी’ असं नाव दिलं. काजूचा प्रवास बरोबर उलट. तो ब्राझीलहून पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आला. त्याच्या भुरीला ‘ओइडियम अ‍ॅनाकार्डी’ हे नाव १८९८ साली ब्राझीलमध्येच मिळालं. रबरावर भुरी दिसली ती जावा बेटावर, १९१८ च्या सुमारास, आणि १९२५ मध्ये तिला ‘ओइडियम हेविई’ नाव मिळालं. केरळात रबराची पानगळ होऊन नवी तांबूस पालवी येते नेमक्या त्याच वेळी ती येते आणि कोवळी पानं पुन्हा एकदा गळून पडतात. झाड नवं म्हणून भुरी नवी, भुरी नवी म्हणून नाव नवं. आंब्याची वेगळी, काजूची वेगळी, रबराची वेगळी, शेंद्रीची आणखी वेगळी. पाऊण शतक कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वाटायला आधारही नव्हता. भुरीची ओळख पटते ती तिच्या काळ्या फळांवरून. संभोगातून तयार होणारी ही मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान, गोल फळं थंड देशांत हिवाळ्याच्या तोंडावर पानावर दिसतात. त्यांच्याभोवतीचे काटे कसे आहेत, आतल्या पिशव्या किती आहेत, यावर सारं वर्गीकरण उभं आहे. उष्ण प्रदेशातल्या भुरींना हे फळ धरण्याची गरजच फारशी पडत नाही. वर्षभर कुठे ना कुठे कोवळी पालवी असते, बीजाणूंवर बीजाणू सोडत राहिलं की भागतं. त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी भुरी शास्त्राच्या दप्तरी पूर्ण ओळख नसलेल्या रहिवासी म्हणूनच राहिल्या, आणि त्यांच्या नावाच्या रकान्यात घरमालकाचंच नाव लागत गेलं.

२००६ साली थायलंडच्या सरन्या लिमकाइसांग, जपानचे सुसुमु ताकामात्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भुरींचे डीएनए शेजारी शेजारी ठेवले. आंबा, काजू, रबर, शेंद्री. घरमालकांची कुळं एकमेकांपासून दूरची, पण भुरी अगदी जवळच्या निघाल्या. आणि त्यांचं जवळचं नातं निघालं ते कुणाशी, तर ओकवरच्या भुरीशी. जपानमधल्या ओकवरच्या एका भुरीशी तर इतकं की पुढच्याच वर्षी तिला ‘एरिसायफी क्वेर्सिकोला’ हे नाव दिलं गेलं आणि आंबा-काजू-रबराची मंडळी तिच्याच घरातली ठरू लागली. आपल्याकडे बोरीवरच्या भुरीला जुन्या पुस्तकांत ओकच्या भुरीचं नाव, ‘बोरीवरचा खास प्रकार’ अशी पुस्ती जोडून, लावलेलं आढळतं. ज्यानं कुणी ते लावलं त्याची नजर चांगली असली पाहिजे.

ओक म्हणजे युरोपच्या अरण्यांचा कणा. त्यावर १९०७ साली पॅरिसच्या परिसरात भुरी दिसली आणि दोन-तीन वर्षांत ती युरोपभर पसरली. इतक्या झपाट्यानं आलेली ही आली कुठून, याचं उत्तर शतकभर कुणाला देता आलं नाही. अमेरिकेकडे बोट दाखवून झालं. अलीकडे फ्रेंच संशोधकांनी मांडलेला कयास असा, की ही उष्ण प्रदेशातून, वसाहतींतून होणाऱ्या रोपांच्या व्यापारातून तिथे पोचली असावी आणि काचघरातल्या एखाद्या आंब्यासारख्या झाडावरून बाहेरच्या ओकवर गेली असावी. पुरावा नात्याचा आहे, प्रवासाचा नाही. पण मला हा कयास पटतो. द्राक्षाच्या भुरीनं काचघरातूनच युरोप पाहिला होता, हे विसरता येत नाही.

यातून लगेच काजू-आंब्याच्या मिश्र बागा तोडायला धावू नये. डीएनएचा एक तुकडा जुळला म्हणजे काजूवरचा बीजाणू उद्या हापूसवर रुजेलच असं नाही. गहू आणि बार्लीवरच्याही दिसायला एकच होत्या. त्याची खात्री एकावरचा बीजाणू दुसऱ्याच्या कोवळ्या मोहोरावर टाकून बघितल्यावरच होते, आणि असे प्रयोग आपल्या बागांत मुबलक व्हायला हवेत. माझं म्हणणं एवढंच की झाडावरून भुरी ओळखण्याची सवय आता सोडावी. एका झाडावर तीन निरनिराळ्या भुरी असू शकतात. पपईवर तशा नोंदी आहेतच. आणि एकच भुरी चार झाडांवर चार नावांनी राहिलेली आपण आत्ताच पाहिली.

तिला घालवायचं कसं, हे विचारल्याशिवाय वाचक सोडणार नाहीत, म्हणून थोडक्यात. गंधक. व्हर्सायच्या राजबागेतल्या ग्रिझाँ नावाच्या माळ्यानं १८५२ साली गंधक आणि चुना एकत्र उकळून वेलींवर मारला तेव्हापासून आजच्या पाण्यात मिसळणाऱ्या गंधकापर्यंत हेच चाललंय, आणि त्याला दाद न देणारी भुरी अजून नजरेत आलेली नाही. नव्या आंतरप्रवाही औषधांबद्दल तसं म्हणता येत नाही. त्यांना ती सरावते. गंधक मात्र कडक उन्हात पान भाजतं, तेव्हा मारायचं ते सकाळ-संध्याकाळ. ब्राझीलच्या वाग्नेर बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये काचघरातल्या झुकिनीवर पाणी घातलेलं गाईचं दूध फवारून चांगला परिणाम मिळवला. गच्चीवरच्या दोन वेलींसाठी ते करून पाहायला हरकत नाही, एकरभर बागेसाठी दुधाचा भाव आधी विचारावा. आणि भुरीच्या पानावर पिवळाधमक, लहानसा ढालकिडा हिंडताना दिसला तर कृपा करून त्याला मारू नका. तो पान खात नाही, भुरी खातो.

आता वाचकांकडे एक मागणं आहे. येत्या हिवाळ्यात एक साधं भिंग खिशात ठेवा. पांढरं पान दिसलं, मग ते रानातलं असो की कुंपणाचं, की त्यावर काळे बारीक ठिपके आहेत का पाहा. साग, शिसू, तुती यांच्या पानांच्या खालच्या बाजूला ते सापडण्याची शक्यता जास्त. आंब्यावर सापडले तर फारच मोठी गोष्ट. पान प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ते कुजतं. वर्तमानपत्राच्या घडीत वाळवा, पाकिटावर गाव, तारीख आणि झाडाचं नाव लिहा आणि जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात किंवा पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतल्या आजरेकर कवक संग्रहात नेऊन द्या. झाडाचं नाव खात्रीनं माहीत नसेल तर अंदाजानं लिहू नका. फुला-फळासकट एक डहाळी त्याच पाकिटात ठेवा.